रेघेतलं घर

"मॅडम, तुमची रेघ तर माझ्या घरात घुसून राहिली," मालूबाई म्हणाली.

जैनाबादच्या काठावर चुन्याने भिंतीची रेघ आखणारी माणसं थांबली. इंजिनिअर पल्लवीने नकाशा पुन्हा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तापीच्या पुरापासून वस्तीला वाचवणारी भिंत बरोबर मालूबाईच्या घरातून जाणार होती.

आणि ती भिंत मालूबाईनेच मागितली होती. काही वर्षांपूर्वीच्या पुरात तिचा नवरा देवराम म्हैस सोडवायला गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरून सुटली की ती वस्तीतल्या बायांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायची. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, दिल्लीची मंजुरी नाही. अखेर संसदेत पूरसंरक्षणाच्या कामांचा कायदा पास झाला आणि त्याखाली जैनाबादची भिंतही मंजूर झाली. त्या दिवशी वस्तीने मालूबाईला हार घातला होता.

पल्लवीने तिला बाजूला नेऊन समजावलं. हरकत घेतली तर भिंत मागे सरकवता येईल, घर पडणार नाही. पण मग ते घर आणि त्यामागची, शेजारी भाईदास राहायचा ती घरांची ओळ भिंतीबाहेर, नदीच्या बाजूला राहील.

मुलगा ललित घरी येताच तापला. "आई, ऑब्जेक्शन लगा दे ना. बाबांच्या हातचं घर आहे. साऱ्या बस्तीचा ठेका आपणच घेतला का?"

मालूबाईने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी भाईदास आला. केळीच्या भावाचं बोलला, पावसाचं बोलला, चहा प्यायला. त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते. ज्यासाठी आला होता ते काही त्याच्या तोंडून निघेना. तो उठला तेव्हा मालूबाईच म्हणाली, "भाऊ, पुराच्या भीतीने सुनेला माहेरी धाडू नका. भिंत इथूनच जाईल."

ललित कितीतरी दिवस ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवायचा. घर पाडायच्या दिवशी मात्र दाराची चौकट त्यानेच जपून सोडवली. मायलेक नदीपलीकडे बऱ्हाणपुरात सरकारी खोलीत राहायला गेले.

भिंत उभी राहिली आणि पुढच्या श्रावणात तापी चढली. पाणी भिंतीला धडकलं आणि तिथेच थांबलं. पूर ओसरल्यावर पूल मोकळा झाला, तशी मालूबाई आली. पाणी कुठवर चढलं होतं ते जो तो तिला दाखवत होता. ती मान हलवत, भिंतीवर हात फिरवत पुढे चालली. भिंत सगळीकडे सारखीच होती; घर नेमकं कुठे होतं ते तिलाही ओळखू येईना. अंदाजाने एका जागी ती थांबली, चपला काढून ठेवल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसली.