दुरुस्त वय

मास्तरांनी नातीला घसरगुंडीच्या पहिल्या पायरीवर उभं केलं आणि पैलवान कुठवर आलाय ते मागे वळून पाहिलं. पैलवान आलाच. शेजारच्या इमारतीतल्या ड्रायव्हरसाहेबांचा हा नातू. कठड्याला हात न लावता तो भराभर वर चढला, धपकन खाली आला आणि पुन्हा धावत सुटला. मास्तरांची नजर त्याच्या पोटऱ्यांवर खिळली. मग त्यांनी अनूचा मोजा वर ओढला. तो पुन्हा खाली घसरला.

मास्तरांनी आयुष्यात एक तासही शिकवलं नव्हतं. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. पण जाड चष्म्यामुळे बागेत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि ही एक चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नव्हती.

"काय खाल्लं आज आमच्या बाईसाहेबांनी?" ड्रायव्हरसाहेबांनी बाकावर बसत विचारलं.

"पोटभर जेवली," मास्तर म्हणाले. तीन घास, आणि तेही पाऊण तासात.

"हा मेला दोन केळी चापून आलाय. घरात काही म्हणून उरू देत नाही. जिभेपेक्षा दातच जास्त चालतात ह्याचे."

ड्रायव्हरसाहेब हे तक्रारीच्या सुरात सांगत. अशी तक्रार करण्याची चैन मास्तरांनाही हवी होती. तेवढ्यात पैलवान धावताना अडखळला आणि तो पडावा असं मास्तरांना क्षणभर वाटलं. तो पडला नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

अनू तीन महिने आधी जन्मली, अकराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत ती त्यांना ओळीच्या डोक्यावर सुटून पडलेल्या अनुस्वाराएवढी दिसली, म्हणून अनू. वाढ मोजताना वयातून तीन महिने वजा करायचे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला दुरुस्त वय म्हणतात. मास्तरांना तो शब्द फार आवडला. जग इतक्या समजूतदारपणे बोलतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण अनूला दोन वर्षं झाली त्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता वजाबाकी पुरे. वजनाचा ठिपका तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली जाऊन बसला.

त्याच आठवड्यात ड्रायव्हरसाहेब इथे राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "केवढी हो?"

"सव्वा वर्षाची," मास्तर म्हणाले. डॉक्टर तीन महिने काढत. मास्तरांनी नऊ काढले.

त्याला आता तीन महिने झाले होते. अनू सव्वादोन वर्षांची होती, बागेत दीड.

"आजोबा," पायरीवरून अनू म्हणाली, "तो कुत्रा ओला झालाय. पुसा ना त्याला."

ड्रायव्हरसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "दीड वर्षाची पोर अख्खी वाक्यं बोलते हो! आणि आमचा? सव्वादोनचा घोडा झाला, येतं काय तर 'गाडी' आणि 'नको'. काल सुनेला म्हटलं, तुझ्या पोरात काहीतरी बिघाड आहे. ती रडायलाच लागली. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे नेतोय."

इथे काहीतरी बोलायला हवं होतं, हे मास्तरांना कळलं. पण ड्रायव्हरसाहेबांच्या आवाजात हेवा होता. त्यांच्या नातीचा कुणी हेवा करत होतं. खडीसाखर जिभेखाली ठेवावी तसा तो त्यांनी ठेवून दिला.

"बोलेल हो," एवढंच ते म्हणाले.

"कोण दीड वर्षाची?"

लेक कामावरून लवकर सुटली होती. बाकामागे पर्स सावरत उभी होती.

"तुमचीच की, ताई!"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग अनूला उचलून कडेवर घेतलं.

"चला, बाबा."

कोपऱ्यापर्यंत ती झपझप पुढे चालली.

"लोक काहीबाही विचारतात," मास्तरांनीच सुरुवात केली. "मला वाटलं, तुला त्रास नको."

"मला? त्या पोराशेजारी ती बारीक दिसते, हे तुम्हाला बघवत नाही."

अनू आईच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती.

"बहात्तर दिवस ती त्या पेटीत होती," लेक म्हणाली. "मी बाहेर स्टुलावर. मधेच ती श्वास घ्यायचं विसरायची. नर्स तळव्याला टिचकी मारायची, की पुन्हा घ्यायची. डॉक्टरांनी ते दिवस वजा केले, ते तक्त्यासाठी. पण ती ते जगलीये, बाबा. तुम्ही ते खोडू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तर अनूला घेऊन लवकर बागेत गेले, पण बाकावर बसले नाहीत. ड्रायव्हरसाहेब येताना दिसल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"माझी सव्वादोन वर्षांची आहे."

"काय?"

"अनू. दीडची नाही. मी खोटं सांगितलं होतं."

ड्रायव्हरसाहेबांनी अनूकडे पाहिलं, चपलांपासून केसांपर्यंत, सावकाश. मग वाळूत बसलेल्या पैलवानाकडे.

"म्हणजे ह्याच्याच बरोबरीची?"

"हो."

"च्यायला! आणि मी घरात नुसता..." ते थांबले. त्यांचे खांदे खाली आले, कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, पण चेहरा ऐकेना. मास्तरांना तो चेहरा ओळखीचा वाटला. दुसऱ्याच्या पोरातलं उणं पाहून असा हलका झालेला चेहरा घेऊन ते स्वतः तीन महिने घरी जात होते.

"तरी सोमवारी कान दाखवून घ्याच," ते म्हणाले.

"घेतो ना. सुनेशीही बोलायला हवं." ड्रायव्हरसाहेब जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "राग मानू नका, मास्तर. पण मग ही एवढीशीच कशी?"

मास्तर बाकावर बसले आणि वाळलेली पानं हाताने झाडून त्यांनी शेजारी जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल."