लाइट लागली का?

ब्रेकलाइट ज्याच्या गाडीची, त्यालाच ती कधी दिसत नाही. पाय पेडलवर आपला, उजेड मागच्याला. तपासायची तर मागे माणूस लागतं. माझ्या मागे शकू उभी राहायची, माझी बायको.

मी जयराम. आटगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

पावसाळा संपल्यावर जुनी मारुती धुऊन काढली आणि पेडल दाबून ओरडलो, “शकू, लाइट लागली का?”

“लागली, पन मंद हाय. मळकी दिसते.”

बल्ब जुने होते, म्हटलं एलईडी बसवू. शहापूरला तयार मिळतात, पण वायरमननं तयार घ्यायचं म्हणजे सुगरणीनं खानावळीत जेवायचं. पाच-पाच लाल एलईडींच्या सहा ओळी बोर्डावर डाख देऊन बसवल्या, दर ओळीला एक रेझिस्टर लावला. टेबलावर बॅटरी जोडली तेव्हा माझे डोळे दिपले. गाडीत बसवून शकूला मागे उभं केलं.

“मळकीच हाय अजून,” ती म्हणाली. “लाल कुठं? मातीवानी दिसते.”

उन्हात मार खात असेल, असं धरून मी आणखी चार ओळी वाढवल्या. तरी तेच. रेझिस्टर बदलून उजेड वाढवला. तरी तेच. मग मात्र माझा तोल सुटला.

“दोन डोळे दिलेत ना गो देवानं? उघडून बघ की जरा! तुला कौतुक करायचंच नाय!”

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं खोलून परत बसवलं आणि हाक मारली.

“लागली!” ती म्हणाली. “लई लाल दिसते.”

मी इतका खूश झालो की चहा स्वतः टाकला, तिलाही दिला. मग तांदळाची गोण गाडीत घालून मुरबाडला मुलीकडे निघालो.

सरळगावच्या अलीकडे म्हैस आडवी आली. मी ब्रेक मारला आणि मागे टायर किंचाळले. एक टेम्पो माझ्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला होता. आमच्याच गावचा दिपेश खाली उतरला, तोंड पांढरंफटक.

“काका, ब्रेकलाइट कुठाय तुमची? मला कळलंच नाय!”

“सकाळीच तपासलीय,” मी म्हटलं आणि डिकी उघडली. अर्थिंगची वायर मोकळी लोंबत होती. ती स्क्रूला लावायचीच राहून गेली होती. म्हणजे सकाळी ती लाइट लागणं शक्यच नव्हतं.

तांदूळ बाजूलाच राहिले. मी गाडी वळवली. रस्ताभर एकच डोक्यात, आज तिला खोटं बोलताना रंगेहाथ पकडायचं. वायर तशीच ठेवली.

“शकू, मागे ये. लागली का?”

“लागली. झ्याक दिसते!”

तोंडात शिवी घेऊन मी उतरलो. ती मान पुढे काढून, डोळे बारीक करून, त्या विझलेल्या लाइटकडे बघत होती. माझी शिवी तिथेच विरली.

“वायर जोडलेलीच नाय, गो,” मी म्हटलं.

“लाल काय ते कळतच नाय आता,” ती म्हणाली. “मधी धूर हाय असं वाटतं. तुमी चिडता, म्हनून बोलले.”

कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा एकेक डोळा झाकून समोर बाटलीचं लाल झाकण धरलं. शकूनं मातीचा रंग सांगितला. मशिनींवर तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांची नस सुकली आहे. गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही.

त्या बोलत होत्या आणि मी मनात महिने मोजत होतो. होळीच्या सुमाराला ती म्हणाली, ट्यूब मंद वाटते. मी ट्यूब बदलली. मग म्हणाली, टीव्हीचे रंग उडालेत. मी केबलवाल्याशी भांडलो. तांदळातले खडे दिसेनात, तेव्हा तिच्या डोक्यावर जादा बल्ब टांगला. आठ महिने ती मला सांगत होती आणि मी प्रत्येक वेळी पक्कड घेऊन उठत होतो. मला माझीच किळस आली.

“कमी दिसायला लागलं कधीपासून?” बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली शकूनं माझं मनगट घट्ट दाबलं.

“पंधरा दिस झाले,” ती म्हणाली. “त्याच्या आधी कायच नव्हतं.”

“पंधरा दिवसांत एवढी नस सुकत नाही, मावशी. आधी त्रास झाला असणार. घरात कुणाला बोलला होतात?”

“कुनालाच नाय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शकूनंही तोंड वळवलं, पण तिची नजर माझ्या खांद्यापलीकडे, भिंतीवर गेली.

“खरं आहे का, काका?”

“हो, बाई,” मी म्हणालो. “मला तर कधी बोलली नाय.”