दोन शेपटांचा दोर

मुळशीच्या डोंगरात, माले गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. वाडीत गेणबा होता, त्याची बायको सारजाबाई होती, त्याचे म्हातारे वडील आबा होते आणि लग्नाला आलेला लेक नथू होता. गोठ्यात एक म्हैस होती. आणि त्या म्हशीच्या गळ्यात मी होतो. मी दोर बोलतोय, बरं का. घायपाताच्या वाखाचा, तीन पदरी.

बांधावरचं घायपात कापून ओढ्यात कुजवलं, दगडावर बडवलं, निघालेला धागा, म्हणजे वाख, धुऊन वाळवला आणि सारजाबाईनं मांडीवर वळून मला जन्म दिला. तिचा हात घट्ट. बाजारातला दोर दोन पावसाळ्यांत भुगा होतो, माझा पीळ मात्र सुटायचा नाही.

या घराचं काम झाडावरचं. भातरोपांच्या वाफ्यात राब जाळायला ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, कुणाच्या घरावर आलेली डहाळी तोडायची. कमरेला कोयता खोवायचा आणि उघड्या पायांनी खारीसारखं वर जायचं. दोर लावणं म्हणजे कमीपणा. आबा एकदा आंब्यावरून पडले, पाय अधू झाला. गेणबा उंबरावरून पडला, हात वाकडा बसला. एक चुलता होता, त्याच्या बरगड्या गेल्या. वाडीतले लोक म्हणायचे, त्या घरात सरळ हाड औषधालासुद्धा मिळायचं नाही. घरातले पुरुष यावर हसायचे. सारजाबाई हसायची नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. लवळ्याचे साहेबराव आपल्या अनुसयेसाठी नथूला बघायला आले. चहा झाला. त्यांनी आबांची काठी बघितली, गेणबाचा हात बघितला.

"पोरगं काय करतं?"

"झाडं उतरवतं," गेणबा छाती काढून म्हणाला.

साहेबरावांनी कपबशी खाली ठेवली. "पाव्हणं, पोरगी मी संसाराला देनार. हाडं शेकायला न्हाई."

आणि उठले की! नथूनं अनुसयेला आधीच जत्रेत बघितलं होतं. त्याचं तोंड आठवडाभर आंबलेल्या ताकासारखं. आणखी दोन ठिकाणांहून तोच निरोप आला. या घरात सून यायची नाही, हे वाडीनं धरूनच टाकलं.

एका सकाळी सारजाबाई म्हशीला दुसऱ्या खुंट्यावर न्यायला आली. ही म्हैस लई चपळ. दावं सोडलं की ती थेट ओढ्यात. म्हणून सारजाबाईची रीत ठरलेली होती, आधी नव्या खुंट्याचं दावं गळ्यात अडकवायचं, मगच जुनं सोडायचं. त्या दिवशी तिनं नवं अडकवलं, जुनं सोडलं, आणि मला हातात घेऊन तशीच उभी राहिली. नजर माझ्यावर. मग एकदम म्हणाली, "अगं बया!"

त्याच दिवशी माझा जन्म बदलला. जुन्या गोधडीचा जाड पट्टा शिवून तिनं तो कमरेचा केला. मला मधोमध त्याला बांधून माझी दोन शेपटं केली, डावीकडं एक, उजवीकडं एक. प्रत्येकाच्या टोकाला लाकडी खुंटी आणि पट्ट्याला तिच्यासाठी फास. नथूची कंबर तिनं उपाशीपोटी मापली, मग तीन भाकरी चारून पुन्हा मापली आणि पट्ट्याला त्या हिशोबानं जास्तीची भोकं पाडली. सैल पट्टा बगलेत सरकतो, घट्ट पट्टा श्वास धरतो, असं तीच पुटपुटत होती.

"एक शेपूट खोडाभोवती," तिनं लेकाला सांगितलं. "मधी फांदी आडवी आली, तर दुसरं फांदीच्या वर बांधायचं. ते वडून बघायचं. मग खालचं सोडायचं. काम करताना दोनीबी बांधल्याली पाहिजेत."

गेणबा ओसरीवरून ओरडला, "म्हशीचं दावं पोराच्या कमरंला? उद्या पेंडबी घालशील!"

"घालीन. म्हस कदी पडली का झाडावरनं?"

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

मग माझी परीक्षा. सारजाबाईनं मला अंगणातल्या आंब्याच्या बुटक्या फांदीवर टाकलं, पट्टा स्वतःच्या कमरेला आवळला आणि पाय उचलले. बाई अंगानं भरलेली. फांदी कुरकुरली, मी गप्प राहिलो. खाली उतरून तिनं मला टोकापासून टोकापर्यंत बोटांतून ओढलं, कुठं धागा तुटलाय का, कुठं मऊ लागतंय का. हे दर खेपेला करायचं, असं नथूकडून तिनं म्हशीची शपथ घालून कबूल करून घेतलं. तेवढ्यात आबा काठी टेकत आले. "मलाबी बसू द्या की जरा!" त्यांनी दोन झोके घेतलेच.

वाडीनं नथूला 'दावणीचा नवरदेव' म्हणायला सुरुवात केली. तो लाजायचा, पण मला बांधायचा.

पावसाच्या तोंडावर लवळ्याहून निरोप आला. साहेबरावांनी घरावर नवी कौलं घातली होती आणि नेमकी त्यावर जांभळीची मोठी फांदी वाकली होती. जांभळीचं लाकूड ठिसूळ, चढायला कुणी तयार होईना. गेणबा म्हणाला, "त्याच्या दारात जायचं न्हाई." सारजाबाईनं मला पिशवीत भरून नथूच्या हातात दिलं आणि गेणबाकडं नुसतं बघितलं. तोही पायताण शोधायला लागला.

नथूनं आधी मला खालच्या फांदीवर टाकून अंगाचा भार दिला. साहेबराव तोंड वाकडं करून बघत होते. मग सगळ्यांना लांब उभं करून तो चढला. फांदी लागली, वरचं शेपूट बांधलं, खालचं सोडलं. असं करत कौलांच्या वर पोचला. फांदी खाली सोडायचा वेगळा जाड दोर, सोल, गेणबानं जमिनीवरून धरला होता.

चांगलं चाललं होतं. तेवढ्यात कोयता लाकडाच्या गाठीवरून उसळला आणि माझ्या डाव्या शेपटावर बसला. मी तुटलो! कोयता खाली कौलावर आपटला, नथूचा पाय निसटला. साहेबरावांनी डोक्याला हात लावला. "मेलं! पोरगं मेलं!"

माझ्या उजव्या शेपटानं त्याला वीतभर खाली येऊ दिलं आणि धरलं. सारजाबाईचा पीळ होता तो. नथू हिसका खाऊन लोंबकळला, पायांनी खोड चाचपलं, उभा राहिला. तुटक्या शेपटाला निरगाठ मारली, पुन्हा बांधलं, ओढून बघितलं. मग वरून आवाज आला, "मामा, तुमचं एक कौल गेलं वाटतं. कोयता तेवढा दोरीला बांधून द्या की वर."

साहेबरावांनी स्वतः कोयता दोरीला बांधला. फांदी मात्र कौलांना न लागता उतरली.

नथू खाली आल्यावर बैल पारखावा तसे त्यांनी त्याचे हातपाय दाबून बघितले. "ही अक्कल कुनाची रं?"

"आयची."

साहेबराव बराच वेळ मला उलटंपालटं करत राहिले. दारामागं बांगड्या वाजल्या. मग ते गेणबाला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या पोराला न्हाई, त्याच्या आयला देतो माझी अनुसया. ती बाई जपंल तिला."

घरी पोचल्यावर गेणबा सारजाबाईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "माझीबी कंबर माप की."

"आदी पोट आत घ्या."

लग्न झालं. मी आणखी तीन पावसाळे झाडावर काढले. मग एक दिवस बोटांतून ओढताना सारजाबाईला मधे मऊ लागलं. दिसायला मी धडधाकट होतो, पण तिनं त्याच घटकेला मला उतरवलं आणि माझ्या जागी नवा दोर वळला. म्हणून सांगतो, बाबांनो, वाखाच्या दोराचं रूप बघू नका, बोटांना विचारा. आणि ज्याला बोटांनी नाही म्हटलं, त्याला कपडे वाळवायला लावा.

मला तसंच लावलंय, पडवीत. आबांचं धोतर, गेणबाची बंडी, नथूचा लेंगा, सासू-सुनेची लुगडी, सगळी माझ्यावर वाळतात. तिन्हीसांजेला अनुसया ती काढायला येते तेव्हा जेवढी माणसं सकाळी बाहेर गेली, तेवढी घरी आलेली असतात. आणि यंदाच्या चैत्रापासून त्या कपड्यांत तळहाताएवढं एक पिवळं झबलंसुद्धा असतं.