गिळलेले जंतू

१९५८ साली, भाताची झोडणी आटोपल्यावर, डोळखांबकडच्या एका पाड्यावरची ठमी पुन्हा किन्हवलीला आली. तिथे आठवड्यातून एकदा कुष्ठरोगाचा दवाखाना भरत असे. आदल्या वर्षी गोळ्यांनी चट्टे फिके पडले, तशी ती गोळ्या सोडून नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. आता कानाच्या पाळ्या सुजून जाड झाल्या होत्या. चुलीतलं लाकूड सारताना बोट भाजलं, तेही तिला वास आल्यावर कळलं.

तपासनीस महिपतने पाळीला बारीक चीर दिली, आतला रस काचेवर पसरला आणि त्यावर आधी लाल, मग निळा रंग चढवला. ठमीने विचारलं, चट्टे गेले होते, तर रोग लपला कुठे? महिपत एरवी रागावला असता. त्या दिवशी तो स्टुलावरून उठला आणि सूक्ष्मदर्शकापाशी तिला बसवलं.

आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. महिपतने चाकी फिरवली, तशी एक फिकट निळी पेशी वर आली. तिच्या पोटात लाल काड्यांच्या जुड्याच्या जुड्या.

ती निळी पेशी अंगाची राखण करते, महिपतने सांगितलं. बाहेरचा जंतू दिसला की गिळून पचवते. या लाल जंतूंनाही तिनेच गिळलंय.

“मग हे मेले का नाय?”

“गिळले, पण पचले नाहीत. तिच्याच पोटात राहतात, तिथेच वाढतात. कसं जमतं, ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही.”

बाहेरची रांग कुरकुरू लागली, तरी ठमीचा डोळा हलेना. ती भात लावत होती, विटा वाहत होती, तेव्हाही आत हे चाललं होतं. पाड्यावर याला देवीचा कोप म्हणत. तिला वाटलं, हे कोपाहूनही मोठं आहे.

“दादा, गोळी तिथवर पोचते?”

“पोचते. पण वर्षानुवर्षं घ्यावी लागेल, चट्टे दिसोत न दिसोत.”

ठमीने पुढे सहा वर्षं एकही गोळी चुकवली नाही. भट्टीवर जाताना त्या पदरात बांधून नेल्या. पाळ्या उतरल्या. काचेवर लाल काडी दिसेनाशी झाली.

काच अशी साफ निघाली, त्याच साली शेजारच्या जानीच्या गालावर चट्टा उठला. ठमीच तिला घेऊन किन्हवलीच्या दवाखान्याला निघाली. वाटेत जानीने विचारलं, आत असतं तरी काय गो?

“तू बघच,” ठमी म्हणाली.