सून माहेरी गेलीय

मागच्या फाटकाचं कुलूप पहाटे उघडंच सापडायचं. सगळे वॉचमनच्या नावाने खडे फोडायचे.

बाथरूमच्या दोरीवर ओला निळा गणवेश. तो झाकायला जुनी चादर.

इमारतीच्या ग्रुपवर निरोप : 'दवाखान्यात काम करणाऱ्यांनी साथ संपेपर्यंत बाहेरच राहावे. सहकार्याबद्दल आभार.' खाली एकतीस अंगठे. एकतिसावा तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाईंचा.

शेजारच्या इमारतीत एका वॉर्डबॉयची गादी जिन्यात फेकलेली.

ती गादी पाहिली त्याच दिवशी सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, "आमची सून माहेरी गेलीय."

सून कुठेही गेली नव्हती. साथीच्या वॉर्डात ती नर्स होती आणि घराच्या मागच्या खोलीत लपून राहत होती. अंधारात मागच्या फाटकाने जायची, अंधारात यायची. "आई, सॅनिटायझरने हाताच्या रेषा पुसल्या बघा," ती दाराआडून हसायची, "आता ज्योतिषी उपाशी मरणार." सुटीच्या दिवशी मात्र मेल्यासारखी झोपायची आणि झोपेतच ओरडायची, "अठरा नंबर! अठरा नंबरचा ऑक्सिजन!" मग सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. शेजारी ऐकतील ना.

अशाच एका सुटीच्या दुपारी बेल वाजली. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे यजमान दारात उभे, मास्क हनुवटीवर घसरलेला.

"वहिनी, हिला धाप लागलीय. अॅम्ब्युलन्सवाले फोन उचलत नाहीत. ही सारखी म्हणतेय, वर जा, तिसऱ्या मजल्यावर जा. भ्रमात बोलतेय बहुतेक. सूनबाई माहेरीच आहे ना अजून?"

मागच्या खोलीचं दार दहा पावलांवर होतं.

"माहेरीच आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

काका खाली गेले. सासूबाई भाजी निवडायला बसल्या. चांगली पानं कचऱ्यात गेली आणि देठ ताटात राहिले, हे त्यांना नंतर कळलं.

अर्ध्या तासाने सून पाणी प्यायला उठली. खालचे आवाज वर येणाऱ्या बाथरूमच्या खिडकीपाशी थबकली.

"आई, टीव्ही बंद करा. खाली हा श्वास कोणाचा?"

"असेल कोणाचा तरी. तू बाहेर जाऊ नकोस. गादी फेकतील आपली!"

"फेकू देत. बाजूला व्हा."

आणि ती पुढच्या जिन्याने, भरदुपारी, सगळ्या उघड्या दारांसमोरून धावत खाली गेली. बाईंना पालथं झोपवलं, आपल्या वॉर्डात फोन केला, गाडी आणली.

बाई तिसऱ्या दिवशी गेल्या.

"अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता, आई," सून म्हणाली. म्हणताना ती गणवेशाची बटणं लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

सासूबाईंनी फोन घेतला. ग्रुपवर लिहिलं : 'माझी सून माहेरी गेली नव्हती. मी खोटं बोलले. तळमजल्यावरचे काका विचारायला आले तेव्हाही बोलले. उद्यापासून ती पुढच्या दाराने जाईल. मी सोबत असेन. गादी फेकायची असेल त्यांनी माझी फेकावी.'

एकही अंगठा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी पुढच्या जिन्याने उतरल्या.

मागचं फाटक रोज पहाटे साडेचारला शिक्षिकाबाई उघडून ठेवायच्या. सून माहेरी गेल्याचं ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.