चव-खोलीतली जीभ

गरम सूप निवायला लागलं की त्यावर तेलाचे टाचणीच्या डोक्याएवढे गोल दिसतात. आधी ते एकमेकांपासून लांब असतात. मग दोन जवळ येतात, क्षणभर नुसते टेकतात आणि एकदम एक होतात. बरेचसे गोल असे मोठे झाले, की सूप चाखण्याजोगं झालेलं असतं. त्याआधी घाई केली तर जीभ भाजते आणि उरलेला दिवस वाया जातो. तिने वाट पाहिली, चमचाभर सूप तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि शेजारच्या भांड्यात थुंकलं.

खारट. आजही खारट.

सूपच्या पुड्या बनवणाऱ्या या कारखान्यात तिला सगळे ‘जीभ’ म्हणत, आणि तेही तोंडावर. “जीभ आली का?” “जिभेला विचारा, मग भरा.” कारखाना थोरल्या दिरांचा. विक्री नवऱ्याकडे, हिशेब जाऊबाईंकडे. लग्न होऊन आली तेव्हा रसायनशास्त्र शिकलेली सून म्हणून तिला प्रयोगशाळेत बसवलं होतं. तिथे लक्षात आलं की, दुसऱ्याला सांगूनही कळणार नाही एवढा फरक हिच्या जिभेला आपोआप कळतो. तेव्हापासून तिने मान हलवल्याशिवाय एकही घाणा पुड्यांत भरला जात नसे. घरात तिला बाकी कशात कुणी विचारत नव्हतं. पडदे कोणते घ्यायचे इथपासून लेकीला कुठे शिकायला पाठवायचं इथपर्यंत सगळं तिच्या पाठीमागेच ठरत असे. पण ती चाखायला बसायची त्या चव-खोलीचं दार लावलेलं असलं, की थोरले दीरही टकटक करूनच आत येत.

पन्नाशी जवळ आली आणि पोटाने असहकार पुकारला. छातीत जळजळ, घशाशी आंबट, सकाळी पोट दगडासारखं. वर्षभर तिने गोळ्या चघळल्या. शेवटी गेली ती एका फटकळ डॉक्टरीणबाईंकडे.

“वाट्टेल ते खाऊन पचवायचं वय गेलं तुमचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रात्री उशिरा जेवायचं नाही. तळलेलं बंद, मीठ निम्मं. भाज्या, दही, सालासकट फळं खा. आणि चावून खा हो, दात काय शोभेला आहेत?”

घरात रात्रीचं जेवण नवऱ्याचे विक्रीचे फोन संपल्यावरच वाढलं जाई. ती आता दिवेलागणीलाच जेवून घेऊ लागली. उकडलेलं गाजर, कोबी, वाटाणे, वर दही. नंतर सगळे जेवायला बसले की तीही टेबलाशी बसायची, पुढ्यात नुसता पाण्याचा पेला घेऊन. तो पेला म्हणजे जणू तिने सगळ्यांच्या तोंडावर मारलेली चपराक होती.

“आज काय चरलात राणीसरकार? गवत की पालापाचोळा?” नवरा तळलेल्या बटाट्यांचा ढीग स्वतःकडे ओढत विचारायचा.

“राहू द्या भावोजी,” जाऊबाई म्हणायच्या. “आमच्या हातचं बाधतं तिला. इतकी वर्षं नाही बाधलं, आता बाधायला लागलं.”

“तुमचं नाही हो जाऊबाई, मीठ बाधतं.”

“मग मीठ काय शेजारणीने घातलं?”

ती नवऱ्याचं खाणं पाहायची. तो न चावता गिळतो, प्रत्येक घासाला त्याचा कंठमणी उडी मारतो, हे तिला इतक्या वर्षांत प्रथमच दिसलं होतं. एकदा दिसल्यावर ते दिसायचं थांबेना.

पोट मात्र निवळलं. पाठीखाली उशांची चळत न लावता ती झोपू लागली. सकाळी तोंडाला आंबट चव नसे. मधूनमधून खरोखरीची भूक लागे, लहानपणी शाळेतून येताना लागायची तशी. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

आणि मग सूप खारट लागू लागलं.

आधी तिने मिठावर संशय घेतला. मीठवाल्याला बोलावून सगळ्यांदेखत झापलं. वर्षानुवर्षं चोख माल देणारा माणूस, तो हात जोडून गेला आणि परत आला नाही. दुसऱ्याचं मीठ आणलं, तेही खारट. मग तिने मिश्रणातलं मीठ थोडं उतरवायला सांगितलं. मग आणखी थोडं. जिभेचा शब्द म्हटल्यावर विचारणार कोण? दुकानदारांनी विचारलं. खोकी परत येऊ लागली. सूप पांचट झालंय, म्हणे.

तेव्हा एका दुपारी तिने प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि मीठ उतरवण्याआधीच्या घाण्याची राखलेली पुडी काढून तिच्यातलं मीठ मोजलं. सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडत राहिली; मीठ जितकं जास्त तितके थेंब जास्त लागतात. पिवळं पाणी विटकरी झालं ते नेहमीच्याच खुणेवर, ना एक थेंब अलीकडे ना पलीकडे. तिने पुन्हा मोजलं. मिठात खोट नव्हती. बदलली होती ती तिची जीभ.

हे सांगायला हवं होतं. चमचे धुताना ती वाक्यं जुळवायची, आणि थोरले दीर दारात आले की म्हणायची, “चालेल, भरा.” मीठ गुपचूप पूर्ववत करायला सांगावं, तर तिला खारट लागणाऱ्या सूपला मान हलवावी लागणार. खरं सांगावं, तर चव-खोली जाणार. आणि चव-खोलीबाहेर ती कोण होती?

महिनाभराने सकाळीच थोरले दीर टकटक न करता आत आले. मागे नवरा, त्याच्या मागे जाऊबाई. दिरांच्या हातातल्या ट्रेमध्ये तीन वाट्या होत्या.

“दोन सारख्या आहेत, एक वेगळी,” ते म्हणाले. “ओळख.”

नव्या नोकराची घेतात ती परीक्षा. तिने तिन्ही चाखल्या. दुसऱ्यांदा चाखावंही लागलं नाही.

“मधली वेगळी. मिठाच्या जुन्या मापाची.”

“म्हणजे जीभ शाबूत आहे!” दीर म्हणाले. “मग मीठ का काढलंस?”

“मला खारट लागत होतं, दादा.”

“तुला! गिऱ्हाईकाला काय लागेल ते सांगायला तुला इथे ठेवलंय.”

“ठेवलंय?”

“शब्दात पकडू नकोस.”

ती खुर्चीवरून उठली. “मिठात काही खोट नव्हती. मी मोजून पाहिलं. मीठ कमी खाल्लं की दोन-तीन महिन्यांत जिभेची सवय बदलते. फरक अजून कळतो, पण आवड बदलली. मीठवाल्यावर मी उगाच आळ घेतला.”

“मोजलंस कधी?” नवऱ्याने विचारलं.

“महिना झाला.”

“महिनाभर तोंड शिवून बसलीस?” तो ओरडला. “परत आलेली खोकी मी उतरवून घेतोय, दुकानदारांच्या शिव्या मी खातोय, आणि ही इथे गाजरं खात बसलीय!”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. खरंच चुकलं होतं.

थोरल्या दिरांचा राग तेवढ्याने उतरला. उपाय सापडला की ते नेहमीच शांत होत. “सोपं आहे मग. गेलेली सवय परत येते. आजपासून सगळ्यांच्या पंगतीला बसायचं, सगळ्यांचं जेवायचं. तूच म्हणतेस ना, दोन-तीन महिने? तोवर मीठ मापाने घालू.”

“मी मुद्दाम चढं घालीन हो,” जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या. “लवकर ताळ्यावर येईल.”

“आणि माझं पोट?”

“गोळी घे,” नवरा म्हणाला. “गोळ्या कशाला असतात? माझी नाही का जळजळ होत? मी करतो का एवढा तमाशा?”

“तू करायला हवा होतास.”

“हे बघ, जास्त शहाणपणा नको.” तो पुढे आला. रात्रीच्या तेलाचा वास त्याच्या श्वासाला अजून होता. “या घरात तुला मान आहे तो या जिभेचा. ती गेली तर काय आहेस तू इथे? सांग ना. काय आहेस?”

कुणी त्याला गप्प केलं नाही. दीर ट्रेमधल्या वाट्या सारख्या करत राहिले. जाऊबाई पदराशी चाळा करत होत्या आणि त्यांचे कान टवकारलेले होते.

हेच वाक्य कधीतरी कुणीतरी म्हणेल, या धाकाने ती महिनाभर गप्प राहिली होती. आता ते म्हणून झालं होतं. तिने स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. भीती नव्हती. राग होता, भरपूर होता, पण तो छातीत जळत नव्हता. पोट शांत होतं. तिला चक्क भूक लागली होती.

“म्हण की ‘बरं’,” नवरा म्हणाला. “म्हण, आणि कामाला लाग.”

तिने चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याला ओलांडून थोरल्या दिरांकडे पाहिलं.

“मी आजपासून चाखायचं सोडलं, दादा. माझं जेवणही मीच बघीन. तुम्ही दुसरं कुणीतरी शोधा.”