शेवटचा हात

धक्क्यावरच्या त्या वर्कशॉपात एक रीत होती. इंजिन कुणीही खोलो, कुणीही जोडो, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी माथ्याच्या, नटांवर शेवटचा हात उस्तादाचा. नवं हेड बसलं की इंजिन एकदा तापवायचं, पुरतं निवू द्यायचं आणि नट पुन्हा आवळायचे. कारण तापून निवताना खालचं पॅकिंग दबतं आणि पहिली आवळणी सैल पडते. ही दुसरी आवळणी म्हणजे शेवटचा हात. उस्ताद लांब दांड्याचा पाना घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मधल्या नटापासून कडेला जात एकेक नट ओढायचा. बोटवाले म्हणायचे, म्हाताऱ्याच्या मनगटात तराजू आहे.

तो तराजू केव्हाच मोडला होता. हे ठाऊक होतं ते एकट्या जावयाला, उस्तादाच्याच घरात राहणाऱ्या, त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या.

मनगटातलं बळ ओसरलं, बोटं थरथरू लागली, पण रीत काही सुटली नाही. नट ओढून झाले की उस्ताद हात पुसून घरी जेवायला जायचा. व्हॉल्व्हची फट जुळवायची म्हणून जावई मागे थांबायचा, खणातून टॉर्क पाना काढायचा आणि सासऱ्याचे सगळे नट नव्यानं आवळायचा. हवा तेवढा जोर भरला की तो पाना 'खट्' करतो. खट् व्हायच्या आधी नट किती फिरतो हे बघून सुरुवातीला त्याला हसू यायचं, पुढे कीव येऊ लागली, आणि मग काहीच वाटेनासं झालं. झोपलेल्या माणसाचं सरकलेलं पांघरूण सारखं करावं, तसं ते काम होऊन बसलं. बायकोलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. बाप तिचा होता.

त्याला हवं होतं ते एकच. एक तरी इंजिन असं असावं, जे त्यानं उघडलं आणि त्यानंच मिटलं. आणि ते पाण्यावर धावताना लोकांनी म्हणावं, हे जावयाचं.

ती संधी मेहुण्यानं आणली. मेहुण्याची बोट बाहेर नांगरलेल्या जहाजांना भाजी, पाणी, खलाशी पोचवायची. जो आधी पोचेल त्याचं काम. धक्क्यावर एकाची नवी बोट आली होती, ती रोज याच्या तोंडावर पाणी उडवत पुढे निघून जायची.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "नवं इंजिन मला झेपायचं नाही. हिच्याच छातीत जरा दम भरा."

जावयानं जुनी हेडं उतरवली. त्यांतल्या हवेच्या वाटा म्हणजे सर्दीनं चोंदलेलं नाक. त्यानं दोन नवी हेडं आणवली, त्यांत मोठे व्हॉल्व्ह बसवले, ग्राइंडरनं हवेच्या वाटा रुंद केल्या. मग पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून आत घासत बसला. तान्ह्याच्या टाळूवरून हात फिरवावा तसं त्याचं बोट त्या अंधाऱ्या वाटांमधून फिरायचं, कुठे खडबड लागली की थबकायचं, तेवढंच गोंजारायचं. बायको चहा घेऊन यायची आणि बघत राहायची. त्यांच्या घरी मूल नव्हतं. हे घरात कुणी बोलत नसे, आणि कुणी विसरतही नसे.

हेडं बसली, पहिली आवळणी झाली. धक्क्याला बांधूनच इंजिन सुरू केलं, तर त्याचा आवाज ऐकून आजूबाजूच्या बोटींवरची माणसं हातातलं काम टाकून आली. मेहुण्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की भाऊजींच्या हाताला तोड नाही. मग इंजिन निववायला ठेवलं. दुपारी उस्ताद पाना घेऊन उतरला तेव्हा जावई त्याच्या कानाशी वाकला. या एका इंजिनाचा शेवटचा हात मी करू का, मामा, असं त्यानं अगदी हळू विचारलं.

उस्तादानं उत्तर मात्र धक्काभर ऐकू जाईल असं दिलं.

"ऐका रे, जावईबापूंना शेवटचा हात पाहिजे! घासूनपुसून पातेलं कुणीही चकचकीत करतं." त्यानं भोवतीच्या तोंडांकडे बघून घेतलं. "आणि या हातानं आजवर काय पुरं झालंय? माझ्या पोरीचा पाळणा तरी हलला का?"

माणसं हसली. मेहुणाही हसला, सवयीनं, आणि मग खाली बघू लागला. जावयाची बायको बापाला जेवायला बोलवायला आली होती. ती बोटीत उतरायच्या फळीवर उभी होती. तिनं पदर नीट केला आणि आल्या पावली परत गेली.

उस्तादानं डोळे मिटून नट ओढले, हात पुसले, तो जेवायला गेला. जावयानं खण उघडला. टॉर्क पाना कापडात गुंडाळलेला होता. त्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खण लोटून दिला. व्हॉल्व्हची फट तेवढी जुळवली, अगदी मन लावून. वरचं झाकण बसवलं. तुमचा शेवटचा हात ना मामा, मग असू दे तुमचाच, असं तो पुटपुटला, पण ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट निघाली ती वाऱ्यासारखी. मेहुण्यानं त्या नव्या बोटीला धक्क्यासमोरच मागे टाकलं, टोपी काढून हलवली. खाडीच्या तोंडाशी इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. काय झालं म्हणून मेहुणा इंजिनावरची फळी उचलून वाकला, आणि त्याच क्षणी हेडखालचं पॅकिंग फाटलं. उकळतं पाणी आणि वाफ त्याच्या मानेवर, हातावर आली. त्याची बोट परत आणली तीही त्याच नव्या बोटीनं, दोर बांधून, ओढत.

मेहुण्याला दवाखान्यात नेलं. इकडे लोक जमले होते, आणि जावयानं त्यांच्यासमोर टॉर्क पाना काढला. एकेका नटाला लावला. खट् होईचना. नट फिरायचा, फिरतच राहायचा.

"बघा मामा," तो दर नटाला म्हणायचा. "हाही बघा."

थांबावं असं त्याला वाटलं नाही. शेवटच्या नटापर्यंत त्यानं म्हाताऱ्याला तिथे उभं ठेवलं. त्या दिवसापासून उस्ताद दारापाशी, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसू लागला, आणि त्याला कुणी काही विचारेनासं झालं.

पण भीती पसरायला वेळ लागत नाही. उस्तादाचा हात लागलेली इंजिनं धक्काभर होती. ज्याला त्याला आपल्या बोटीची काळजी पडली, आणि एकामागून एक बोटवाले नट तपासून घ्यायला येऊ लागले. जावयाला नाही म्हणता येईना. पहिल्या बोटीचं झाकण काढलं, पाना लावला. खट्. पुढचा नट. खट्. केसभरसुद्धा फिरला नाही. दुसरी बोट, तिसरी बोट, तेच. दारातल्या बाकावर उस्तादाची मान प्रत्येक आवाजासरशी वर वर येत होती.

बोटवाल्यांनी आपसांत हिशेब लावायला उशीर केला नाही. म्हाताऱ्याचा हात सगळीकडे पक्का. मग एकाच बोटीवर नट सैल कसे पडले? हेडंच खोटी असणार. फार खरवडली, फार हुशारी केली.

उस्ताद उठला. हळूहळू चालत जावयासमोर आला. दारात मुलगी उभी होती, भावाच्या मलमपट्टीचं सामान हातात घेऊन. म्हातारा कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात बोलला.

"जावईबापू, एवढी वर्षं हे सगळे नट तुम्ही आवळत होता?"

जावयाच्या ओठांवर 'हो' आलं. जन्मभर जे ऐकायला तो तरसला, ते त्या एका अक्षरापलीकडे उभं होतं. धक्क्यावरचं प्रत्येक इंजिन त्याचं झालं असतं. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिनं पुढचा प्रश्न आधीच विचारला होता, तोंड न उघडता. या वेळी का नाही आवळले?

"नाही, मामा," तो म्हणाला.

"मग?"

"हेडंच खोटी होती."

उस्तादानं मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आणि तो ते कधीही बोलणार नव्हता, हेही. तो बोटवाल्यांकडे वळला.

"ऐकलंत ना? स्वतःच्या तोंडानं सांगतोय."

मग त्यानं कोपऱ्यातला घण ओढत आणला आणि दांडा जावयाच्या हातात दिला. खोटं लोखंड वर्कशॉपात ठेवत नाहीत, म्हणाला, फोडून भंगारात टाका. बोटीवरून उतरवलेली दोन्ही हेडं अंगणात आणून आडवी ठेवली. बायको सामान तसंच धरून उभी राहिली. या वेळी ती परत गेली नाही.

पहिल्या घावानं नुसता टवका उडाला. मागे कुणीतरी हसलं.

"जोर लावा," उस्ताद म्हणाला. जावयानं घण पुन्हा उचलला.